केकताड, वकील आणि एक कवी

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या अभ्यासिकेतून दुपारी जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "काका, परराष्ट्र सेवेत गेल्यावर कविता करू देतेत का?"

पोरगं यूपीएससीच्या मागे लागलंय. वहीच्या शेवटच्या पानांवर कविता लिहितंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कुणाला माहीत नाही असं फक्त त्यालाच वाटतं. मी म्हणालो, "देतेत की. एका राजदूताला तर नोबेल मिळालं." "आपल्यातला?" "मेक्सिकोचा. पण सहा वर्षं दिल्लीत होता."

त्या दिवशी भाजी निवेपर्यंत जेवढं सांगून झालं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो. माणसाचं नाव ऑक्टाव्हियो पाझ. मला स्पॅनिश येत नाही. अंबाजोगाईत बसून इंग्रजी भाषांतरांतून जे वाचलं, त्यावरच हे सगळं उभं आहे.

आधी नोकरी समजून घेऊ. पुतण्याचा दुसरा प्रश्न होता, "वकिलात म्हंजे कोर्टच का?" प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. आपल्याकडे वकील म्हटलं की काळा कोट आणि पुढची तारीख. पण पेशवाईत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. आपला हा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि निजामाच्या दरबारात पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. वकिलाने तिथे बसायचं, कानावर पडेल ते धन्याला लिहून कळवायचं आणि धन्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं. कोर्टातला वकील तरी दुसरं काय करतो? अशिलाचं म्हणणं मांडतो. शब्द एकच आहे आणि तो बरोबर आहे.

आजही कामाचा गाभा तोच आहे. तृतीय सचिव, द्वितीय सचिव अशा पायऱ्या चढत माणूस राजदूत होतो. वाणिज्यदूत वेगळा. त्याच्याकडे व्हिसा, पासपोर्ट, परदेशात अडकलेला खलाशी, मयताचे कागद. राजदूत आणि त्याच्या सचिवांना अटक करता येत नाही, त्यांच्या कचेरीत पोलीस न विचारता शिरू शकत नाहीत, हे सगळं १९६१ च्या व्हिएन्ना करारात लिहून ठेवलंय. राजदूत नव्या देशात पोचला की आपल्या राष्ट्रप्रमुखाचं अधिकारपत्र तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात देतो. त्या पत्राचा मथितार्थ असा: हा माणूस आमच्या वतीने जे बोलेल त्यावर आमचंच बोलणं समजून विश्वास ठेवावा.

पाझ यांची गोष्ट कळायला एवढी एक ओळ ध्यानात ठेवली तरी भागतं. राजदूताच्या तोंडात शब्द दुसऱ्याचे असतात, आणि कवीची सगळी धडपड दुसऱ्याचे शब्द तोंडातून काढून टाकण्याची असते. हे दोघं एका अंगात तेवीस वर्षं नांदले.

असे नांदलेले ते एकटेच नव्हेत. लॅटिन अमेरिकेत तर ही रीतच होती. चिलीचे पाब्लो नेरुदा १९२७ मध्ये वाणिज्यदूत म्हणून रंगूनला आले. गाब्रिएला मिस्त्राल वाणिज्यदूत होत्या. युरोपात फ्रान्सचे सँ-जॉन पेर्स आणि ग्रीसचे सेफेरिस हे पेशाने मुत्सद्दी. चौघांनाही नोबेल. कारण साधं आहे. कवितेवर चूल पेटत नाही. सरकारला परदेशात नाव असलेला माणूस हवा असतो आणि कवीला पगार. शिवाय फार बोलणारा माणूस चार समुद्रांपलीकडे असलेला बरा, असंही एखाद्या मंत्र्याला वाटत असणार. हा शेवटचा अंदाज माझा.

पाझ यांचा जन्म ३१ मार्च १९१४ चा, मेक्सिको सिटीतला. वाढले मिस्कोआकमध्ये, तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. आजोबा इरेनिओ पाझ लेखक आणि छापखानावाले, घरात पुस्तकांच्या भिंती. वडील कोर्टातले वकील. शेतकऱ्यांचा बंडखोर पुढारी एमिलियानो झापाटाच्या बाजूने ते उतरले आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेत राहिले. म्हणजे बापही एका अर्थी वकील आणि दुसऱ्या अर्थीही वकील! पुढे दारूने घेरलं आणि रेल्वेखाली सापडून गेले. लेकाने फार वर्षांनी एका दीर्घ कवितेत रुळांवरून बापाचे तुकडे गोळा केल्याचं लिहिलं. दोनतीन ओळीच आहेत, त्यांत रडणं नाही, फक्त माश्या, धूळ आणि फलाट.

आता केकताडाकडे येतो. पुस्तकात घायपात म्हणतात, आमच्या बालाघाटात केकताड. बांधावर, रस्त्याच्या कडेला, तलवारीसारख्या जाड पानांचं, टोकाला काटा. लहानपणी ओढ्याच्या डबक्यात ही पानं भिजत टाकलेली असायची आणि आठवड्याभराने त्या वळणावरून जाताना नाक धरावं लागायचं. पानं कुजली की दगडावर बडवून धुवायची, आत पांढरा लखलखीत वाख निघायचा. त्याचे कासरे, दावी, मोरख्या. पोळ्याच्या आधी ज्यांच्याकडे हे काम असायचं त्यांच्या दारात वाखाचे पांढरे झुंबर वाळत असायचे. आता नायलॉनचे दोर येतात आणि केकताड नुसतं बांधावर उभं असतं.

हे झाड इथलं नाही. त्याचं मूळ मेक्सिकोत. तिथल्या युकातान भागात याच कुळातलं हेनेकेन पिकतं, आणि एके काळी त्याच्या सुतळीवर अख्खं मेरिदा शहर श्रीमंत झालं होतं. अमेरिकेतली कापणीची यंत्रं गव्हाच्या पेंढ्या बांधायची त्या सुतळीने. पानं तोडणारे माया जमातीचे मजूर मात्र मालकाच्या कर्जात जन्मायचे आणि कर्जातच मरायचे. १९३७ मध्ये तेवीस वर्षांचे पाझ कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून मेरिदाला गेले आणि कामगार-शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. तिथे त्यांनी हेनेकेनवर कविता लिहिली. 'दगड आणि फूल यांच्यामध्ये' असं तिचं नाव मराठीत होईल.

कवितेत झाड आहे, मजूर आहे आणि पैसा आहे. झाड पंचवीस वर्षं ऊन पिऊन उभं राहतं, शेवटी एकदाच फुलतं आणि मरतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. केकताड दहाबारा वर्षं नुसतं पानं धरून बसतं, बुडात साखर साठवत. मग एका हंगामात मधोमध खांबासारखा दांडा निघतो, बघता बघता पंधरा-वीस फूट जातो, वर फुलांचे गुच्छ येतात, आणि खाली पानं सुकायला लागतात. सगळी पुंजी त्या एका दांड्यात गेलेली असते. केळीसारखंच, एकदाच व्यायचं. आमचे आजोबा दांडा दिसला की म्हणायचे, "ह्याचं भरलं आता." पाझ यांना त्यात मजुराचं आयुष्य दिसलं: घाम साठत जातो आणि फूल दुसऱ्याच्याच हातात पडतं. कविता तरुणपणची आहे, थोडी भाषणबाज आहे, आणि त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण पुढे त्यांनी ती पुन्हा लिहून काढली. पण या माणसाला धरायचं तर मला तीच दोरी सापडली.

१९३७ मध्येच ते लेखक परिषदेसाठी यादवी चालू असलेल्या स्पेनला जाऊन आले, एलेना गार्रोंशी लग्न झालं (त्या स्वतः मोठ्या लेखिका, आणि तो संसार पुढे मोडला). १९४५ मध्ये परराष्ट्र सेवेत शिरले आणि पॅरिसला नेमणूक झाली. तिथे नोकरी सांभाळून मेक्सिकन माणसाच्या मनावर एक गद्य पुस्तक लिहिलं, 'एकांताचा चक्रव्यूह', १९५० चं. मेक्सिकन माणूस मुखवटा घालून जगतो, असं त्यात म्हटलंय. पुस्तक गाजलं. मला ते अर्धंच पटतं. 'मराठवाड्याचा माणूस असा असतो' असं कुणी म्हणालं की मी जसा सावध होतो, तसा तिथेही झालो. पण एक खरं, आपला देश नीट दिसायला त्यांना पॅरिसला जाऊन बसावं लागलं. बदलीच्या नोकरीने कवीला दिलेली ही पहिली गोष्ट.

१९५१ मध्ये मनाविरुद्ध बदली झाली, भारतात. मेक्सिकोचे इथले पहिले राजदूत एमिलिओ पोर्तेस गिल हे माजी राष्ट्राध्यक्ष, आणि पाझ त्यांच्या हाताखालचे धाकटे अधिकारी. नोव्हेंबरात 'बातोरी' नावाच्या पोलिश बोटीने मुंबईला उतरले, थोडेच महिने राहिले, पुढे टोकियो, मग जिनीव्हा.

त्यांची सर्वांत नावाजलेली कविता १९५७ ची, 'सूर्यशिळा'. ही अवघड समजतात. पण शुक्राची चांदणी माहीत असलेल्या माणसाला तिची चौकट पाच मिनिटांत कळते. नाव आलंय मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या प्रचंड गोल दगडावरून. १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात तो जमिनीत सापडला, साडेतीन मीटरहून रुंद, काळगणनेची चिन्हं कोरलेला. कवितेच्या ओळी आहेत ५८४. हा आकडा का?

लग्नाच्या मुहूर्तात 'शुक्राचा अस्त' आपण ऐकतो. शुक्र काही महिने संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मग दिसेनासा होतो, मग पहाटे पूर्वेला उगवतो. का? शाळेच्या मैदानावर वडाभोवती दोन पोरं गोल पळताहेत असं समजा. आतलं पोरगं २२५ दिवसांत फेरी मारतं, तो शुक्र. बाहेरचं ३६५ दिवसांत, ती आपण. आतलं पोरगं बाहेरच्याला गाठतं, पुढे निघून जातं, आणि पुन्हा गाठायला त्याला ५८४ दिवस लागतात. अशा पाच गाठी झाल्या की बरोबर आठ वर्षं होतात. पाच गुणिले ५८४ आणि आठ गुणिले ३६५, दोन्ही २९२०. माया आणि अ‍ॅझ्टेक ज्योतिष्यांनी दुर्बिणीविना हा हिशेब बसवला होता.

पाझ यांनी कविता त्या फेरीवर बसवली. प्रत्येक ओळीत अकरा अक्षरावयव (उच्चाराचे तुकडे), कुठेही पूर्णविराम नाही. सुरुवात वाहत्या, वळणाऱ्या, मागे फिरणाऱ्या आणि तरीही सतत पोचत राहणाऱ्या नदीने होते. मध्ये प्रेयसी आहे, बॉम्ब पडणारं माद्रिद आहे, मारले गेलेले राजे-पुढारी आहेत. आणि ५८४ ओळी संपल्यावर सुरुवातीच्या सहा ओळी जशाच्या तशा परत येतात, शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके. म्हणजे संपलं नाही, पुन्हा वर जा. शुक्र परत उगवला. अर्थ लावत बसण्याआधी ती मोठ्याने वाचावी. हरिपाठ कुणी आधी अर्थ लावून म्हणत नाही.

१९६२ मध्ये पाझ दिल्लीला परत आले, या वेळी राजदूत होऊन. अफगाणिस्तान आणि सिलोन हेही त्यांच्याच कक्षेत. राजदूताचा दिवस कशात जातो तर मेजवान्या, हस्तांदोलन, अहवाल, पुन्हा मेजवान्या. पाझ मात्र चित्रकार स्वामीनाथनच्या टोळक्यात बसायचे आणि १९६३ मध्ये त्या पोरांच्या प्रदर्शनाची प्रस्तावनाही त्यांनी लिहिली. भारतातल्या सहा वर्षांच्या कविता 'पूर्वेचा उतार' या संग्रहात आहेत. वृंदावन, मदुराई, उदयपूर, लोदी बाग. एक छोटी कविता निजामुद्दीनच्या अमीर खुसरोच्या कबरीवर आहे. ती वाचताना मी खुलदाबादला जाऊन पोचतो. खुसरोचा जिवलग, कवी अमीर हसन, तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दिल्लीहून दौलताबादला आला आणि खुलदाबादच्या मातीत राहिला. दोन मित्र, एक यमुनेकाठी आणि एक आमच्या वेरुळच्या डोंगरावर. पाझ यांच्या कवितेत हे नाही, ते माझं मी जोडतो.

अंबाजोगाईकराने 'ब्लांको'वर मात्र थांबायलाच हवं. स्पॅनिशमध्ये या शब्दाचे अर्थ तीन: पांढरा, कोरा आणि नेम धरायचं लक्ष्य. १९६६ मध्ये दिल्लीत लिहिलेली ही कविता १९६७ मध्ये छापली ती पुस्तकासारखी नव्हे, तर एका लांबच लांब कागदाच्या पट्टीवर, घड्या घातलेली. उलगडत जायचं. मधला स्तंभ वेगळा, डावा-उजवा वेगळा, शाई काळी आणि तांबडी. नुसता मधला वाचा, नुसता डावा वाचा, सगळं मिळून वाचा, दर वेळी निराळी कविता. लोक याला पाश्चात्त्य प्रयोग म्हणतात. आमच्या गावात संतकवी दासोपंतांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी थंडीत अंगावर घ्यायच्या पासोडीसारख्या लांबलचक कापडावर पंचीकरण लिहून काढलं. सृष्टीची उभारणी कशी झाली याचा तो ओवीबद्ध, चौकटी-आकृत्यांसकट मांडलेला हिशेब आहे. पाझ यांना पासोडी माहीत असण्याचं कारण नाही. पण त्यांनी ब्लांकोच्या सुरुवातीला हेवज्र तंत्र या बौद्ध ग्रंथातलं वचन घातलंय आणि डोळ्यांपुढे मंडलं व तांत्रिक पटच होते. विश्व एका पानात मावत नाही, ते उलगडावं लागतं, ही कल्पना त्यांना याच बाजूला सापडली.

इथे पुतण्या कंटाळला होता, म्हणून त्याला मिरची सांगितली. भारतावरच्या आपल्या गद्य पुस्तकात पाझ यांनी मेक्सिकोचा 'मोले' हा दाट रस्सा आणि आपली कालवणं शेजारी ठेवली आहेत. मिरची तिकडची, पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. आमच्या येसर आमटीतला तिखटपणा म्हणजे मेक्सिकोचीच देणगी. मका तिकडचा, फड्या निवडुंग तिकडचा, बीडचं सीताफळसुद्धा मुळात अमेरिका खंडातलं. "मग आपलं काय?" पोरगं म्हणालं. "ज्वारीसुद्धा आफ्रिकेतून आलीय," मी म्हणालो. त्याने भाकरीकडे पाहिलं.

आता १९६८. त्या वर्षी मेक्सिकोत ऑलिंपिक होतं, १२ ऑक्टोबरपासून. जुलैपासून विद्यार्थी सरकारविरुद्ध रस्त्यावर होते. पाझ दिल्लीत रेडिओ ऐकत होते, मंत्रालयाला पत्रं लिहून सबुरीने घ्या म्हणत होते. २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या त्यांच्या सभेवर गोळीबार झाला. किती मेले? सरकारने मोजके सांगितले, इतरांनी शेकड्यांत. आकड्यावर आजही वाद आहे.

राजदूताची अडचण इथे नीट पाहा. कारकुनाला गप्प बसता येतं, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणी लावत नाही. राजदूताच्या हातात अधिकारपत्र असतं: हा बोलेल ते आमचं बोलणं. उद्या दिल्लीत कुणी विचारलं, तुमच्याकडे काय झालं, तर उत्तर सरकारचं द्यावं लागणार, आणि तेही स्वतःच्या तोंडाने. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच एका तोंडात दोघं मावेनात.

४ ऑक्टोबरला त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं. सगळीकडे 'राजीनामा' म्हणतात, पण कागदोपत्री त्यांनी मागितलं होतं ते सेवेच्या राखीव यादीत ठेवणं. पद सोडतो, नोकरीचा धागा मात्र कायद्याने मिळतो तेवढा राहू द्या. टीकाकार या बारकाव्यावर बोट ठेवतात. ठेवोत. पत्रात कारण स्पष्ट लिहिलं होतं आणि ते जगाला कळलं. सरकारी चाकोरी माहीत असलेला माणूस कोऱ्या कागदावरसुद्धा नियम क्रमांक पाहून सही करतो.

दुसरा कागद कवितेचा होता. ऑलिंपिकच्या सांस्कृतिक मंडळाने आधी त्यांच्याकडे खेळाच्या भावनेवर कविता मागितली होती, आणि त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं. आता पाठवली. छोटीशीच. तिच्यात लाज आहे, स्वतःवर उलटलेल्या रागासारखी, आणि एक चित्र आहे: नगरपालिकेचे कर्मचारी चौकातलं रक्त धुताहेत. हुकूमशहा नाही, सैनिक नाही, झाडू-पाइप घेतलेले पालिकेचे लोक. मला ही ओळ सगळ्या 'सूर्यशिळे'हून जड वाटते. सभेनंतरचा चौक सकाळी कसा स्वच्छ असतो, ते आपणही पाहिलेलं असतं.

दोन वर्षांनी त्यांनी 'चक्रव्यूहा'ला जोड म्हणून पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'पोसदाता', म्हणजे आपल्या पत्राखालचा ता.क. पुढे विद्यापीठांत शिकवलं, मासिकं चालवली, १९९० मध्ये नोबेल घेतलं. म्हातारपणी ते डाव्यांवर इतके तुटून पडू लागले की १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत त्यांचा पुतळा जाळला गेला, आणि सरकारशी पुन्हा फार जुळलं असंही लोक म्हणाले. ते चुकीचं नाही. १९६८ चा माणूस आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये गेलेला माणूस एकच होता, एवढंच म्हणतो.

पुतण्याने विचारलं, "म्हंजे लिहायचं का नाही?" आपल्याकडचा नियम सांगितला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्याला परवानगी लागत नाही, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही. चंद्रावर लिही, पगार देणाऱ्यावर नको. "आन् मधल्या गोष्टीवर?" म्हणाला. मी ताक ओतून घेतलं.

दिल्लीतल्या राजदूतांच्या बंगल्यात कडुनिंबाचं मोठं झाड होतं. मारी-जोसे यांच्याशी पाझ यांचं लग्न त्याच्याच सावलीत लागलं. पद सोडल्यावर दोघं मुंबईला आले, निघण्याआधी घारापुरीची लेणी पाहिली आणि बोटीत बसले. सुएझ कालवा १९६७ च्या युद्धापासून बंद होता, म्हणून बोट आफ्रिकेला वळसा घालून निघाली. नोव्हेंबरात, मुंबई ते कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास या प्रवासात, पाण्यावरच त्यांनी दोन बागांची गोष्ट सांगणारी एक दीर्घ कविता लिहिली. एका बागेत मिस्कोआकच्या आजोबांच्या घरचं अंजिराचं झाड आहे, दुसऱ्या बागेत दिल्लीचा कडुनिंब.